लायसन ड्रायव्हरचे, भुर्दंड मालकाला

ट्रक ड्रायव्हरच्या लायसनवर मुदतीच्या दोन तारखा असतात. एक ‘एनटी’पुढे, दुसरी ‘टीआर’पुढे. एनटी म्हणजे खासगी वाहनांसाठीची मुदत. ती ऐसपैस असते. तिशीच्या आत लायसन काढले तर थेट चाळिशीपर्यंत चालते. टीआर म्हणजे व्यावसायिक वाहनांसाठीची. ती पूर्वी ३ वर्षांची होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षांची झाली. कार्ड पुढे करणाऱ्याचे आणि बघणाऱ्याचेही लक्ष बहुधा लांबच्या तारखेवर जाते. नवा ड्रायव्हर ठेवताना मालक विचारतो, “हेवी आहे ना रे?” ड्रायव्हर म्हणतो, “आहे की शेठ, हे बघा.” शेठ बघतात, किल्ली देतात. टीआरची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली आहे हे कळायला मग अपघात व्हावा लागतो, आणि विमा कंपनीच्या वकिलाने ते कार्ड न्यायालयात बारकाईने वाचावे लागते.

पूर्वी मुदत संपल्यावरही लायसन ३० दिवस जिवंत मानले जाई. त्याच दुरुस्तीने ही सवलत काढून टाकली. आता नूतनीकरण उशिरा केले तर मधले दिवस कोरेच राहतात आणि नेमका त्या दिवसांत अपघात झाला तर ड्रायव्हर कायद्याच्या लेखी बिनलायसनचा ठरतो, मग त्याने वीस वर्षे ट्रक चालवलेला का असेना.

हा विषय नगर जिल्ह्याइतका घरचा फार थोड्या ठिकाणी असेल. सरकारी कागदांत २०२४ पासून अहिल्यानगर झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा: १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. पुणे-नाशिक महामार्ग संगमनेरवरून जातो. कल्याणहून विशाखापट्टणमला निघालेला रस्ता माळशेज चढून नगरला येतो आणि करंजी घाटातून पाथर्डीकडे उतरतो. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून गेला आहे. नगर-मनमाड रस्त्याबद्दल तर बोलायलाच नको. त्याच्या खड्ड्यांवर जिल्ह्यात आंदोलने होऊन गेली, खड्डे राहिले. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला तेव्हापासून ऊस, मग दूध, घोडेगाव आणि नेप्तीच्या बाजारातला कांदा, सुपा औद्योगिक वसाहतीतला माल, सगळे चाकांवर हलते. त्या चाकांवर दोन नंबर दिसतात: नगरचा एमएच-१६ आणि श्रीरामपूरचा एमएच-१७. यातल्या कितीतरी गाड्या मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या नसतात. शेती सांभाळून फायनान्सवर एखादा ट्रक किंवा पिकअप घेतलेला माणूस त्यांचा मालक असतो. पुढची गोष्ट मुख्यतः त्याची आहे.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. अशा प्रत्येक मृत्यूमागे वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. नगरच्या जिल्हा न्यायालयात किंवा संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावच्या न्यायालयांत गेले की बाहेरच्या चहाच्या टपरीवर याला सरळ ‘क्लेम’ म्हणतात. अपघात गुजरातेत झाला असला तरी कोपरगावच्या विधवेला कोपरगावातच दावा लावता येतो, कारण अर्जदार जिथे राहतो तिथे दावा दाखल करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. २०२२ पासून अर्जासाठी ६ महिन्यांची मुदत आली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे.

रक्कम कशी ठरते? समजा, ३४ वर्षांचा दूध उत्पादक शेतकरी मोटारसायकलवरून डेअरीला जाताना ट्रकखाली गेला. त्याची कमाई महिना १५,००० रुपये मानली, म्हणजे वर्षाला १,८०,०००. पुढे वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के भर: २,५२,०००. मागे बायको, दोन मुले आणि आई, म्हणजे चार अवलंबून. म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: १,८९,०००. चौतिसाव्या वर्षाचा गुणक १६. गुणाकार ३०,२४,०००. वर अंत्यविधी आणि वारसांनी गमावलेल्या सहवासापोटी ठरावीक रकमा, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी हा हिशेब देशभर एकसारखा करून टाकला. गुणाकार भावनाशून्य वाटतो, पण त्यापूर्वी एकाच वयाच्या, एकाच कमाईच्या दोन माणसांच्या मरणाची किंमत न्यायालयागणिक बदलत असे.

आता हे ३० लाख द्यायचे कोणी? ड्रायव्हरकडे नसतात. मालकाकडे ट्रक असतो, पण त्यावर कर्ज. म्हणूनच मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे. विमा कंपनीला या जबाबदारीतून सुटायच्या वाटा कायद्याने मोजक्याच ठेवल्या, आणि त्यातली सगळ्यांत वर्दळीची वाट म्हणजे ड्रायव्हरचे लायसन. कंपनीचे लेखी म्हणणे उघडा, एक परिच्छेद ठरलेला: ‘सदर चालकाकडे वैध व परिणामकारक वाहन परवाना नव्हता, सबब ही विमा कंपनी नुकसानभरपाई देण्यास जबाबदार नाही.’ दावा कसाही असो, हे वाक्य असतेच.

या वाक्याचे दात न्यायालयांनी हळूहळू काढून घेतले. १९८७ च्या स्कँडिया निकालातले प्रकरण गुजरातमधले होते. ट्रकचा लायसनधारी ड्रायव्हर गाडी क्लीनरच्या भरवशावर सोडून खायला आणायला गेला. क्लीनरने गाडी चालवली आणि माणूस दगावला. क्लीनरकडे लायसन नव्हते हे उघड होते. तरी सर्वोच्च न्यायालय म्हणाले की मालकाने लायसनवाला ड्रायव्हर नेमून आपले काम केले होते. त्याच्या नकळत घडलेल्या गोष्टीसाठी विमा कंपनीला अंग काढून घेता येणार नाही. जानेवारी २००४ मध्ये स्वर्णसिंग निकालात सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या पीठाने हा धागा पक्का केला. लायसन नव्हते, खोटे होते किंवा मुदतबाह्य होते एवढे सिद्ध करून भागणार नाही. मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही, हेही कंपनीनेच सिद्ध करायचे. आणि ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकते: आधी वारसांना पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर.

वकिलांच्या बोलीत हे ‘पे अँड रिकव्हर’. मेलेल्याच्या घरच्यांसाठी ही मोठीच सोय. शेतकऱ्याच्या विधवेला ट्रकच्या ड्रायव्हरची टीआर कधी संपली याच्याशी काय देणेघेणे? तिला धनादेश मिळतो आणि ती न्यायालयातून बाहेर पडते. पण प्रकरण तिथे संपत नाही, आणि हे नेमके ट्रकमालकाला माहीत नसते. ‘इन्शुरन्स आहे, कंपनी बघेल’ या समजुतीवर तो चार वर्षे तारखांना फिरकतही नाही. दाव्यात त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होतो. आपण ड्रायव्हर कसा पारखला, हे सांगायची एकमेव संधी तो गमावतो.

मग वसुली येते. कंपनीला त्यासाठी मालकावर वेगळा दिवाणी दावाही लावावा लागत नाही; २००४ च्याच नंजप्पन निकालाने अंमलबजावणीच्या अर्जावर काम भागवले, आणि अपघातातली गाडी जप्त करण्याची वाटही दाखवली. स्वर्णसिंग निकालाने न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे रक्कम वसूल करता येईल असे म्हटले आहे. महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे नेवाशाच्या किंवा राहुरीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. ३० लाखांची भरपाई, वर व्याज, आणि जमीन अडीच एकर. ट्रकच्या हप्त्याची चिंता करणाऱ्याला त्याहून मोठा खड्डा दुसरीकडेच होता, हे असे उशिरा कळते.

लायसन कोणत्या वर्गाचे हा वाद याहून चिवट निघाला. कायद्यात हलके मोटार वाहन म्हणजे ज्याचे एकूण वजन, गाडी आणि नोंदलेला माल धरून, ७,५०० किलोच्या आत आहे ते. त्यापुढे १२,००० किलोपर्यंत मध्यम मालवाहू आणि त्यावर अवजड. छोटा हत्ती, पिकअप, ४०७ हे सगळे साडेसात टनांच्या आतले. पण माल वाहतात म्हणून ही ‘व्यावसायिक वाहने’सुद्धा आहेत. मग ज्याच्याकडे साधे हलक्या वाहनाचे लायसन आहे त्याने कांद्याचा पिकअप चालवला तर तो लायसनधारी की बिनलायसनचा? १९९४ मध्ये कायद्यातल्या लायसनच्या वर्गवारीत मध्यम आणि अवजड वाहनांचे वेगवेगळे प्रकार काढून ‘व्यावसायिक वाहन’ असा एकच वर्ग घातला गेला आणि गोंधळ सुरू झाला. पुढची वीस वर्षे सर्वोच्च न्यायालयाचीच पीठे दोन्ही बाजूंनी निकाल देत राहिली. कधी मालक सुटला, कधी बुडाला.

२०१७ च्या मुकुंद देवांगन निकालात तीन न्यायमूर्तींनी सांगितले की साडेसात टनांच्या आतल्या मालगाडीला हलक्या वाहनाचे लायसन पुरे. विमा कंपन्या थांबल्या नाहीत. प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी प्रकरणात न्या. हृषीकेश रॉय यांनी लिहिलेल्या एकमुखी निकालाने तोच अर्थ कायम केला. हलक्या वाहनांचे लायसन असलेले लोक मालगाड्या चालवतात म्हणून अपघात वाढले, अशी आकडेवारी न्यायालयापुढे कोणी ठेवलीच नव्हती. वादाला इतकी वर्षे आणि हाती आकडा नाही, ही गोष्ट विमा कंपन्यांच्या वकिलांना जरा लाजवणारीच म्हणायची. व्यावसायिक लायसनच्या जादा अटी आता साडेसात टनांवरच्या गाड्यांनाच लागू राहिल्या. धोकादायक मालाचे आणि ई-रिक्षांचे नियम मात्र वेगळे.

यात नगरकरांना ओळखीचा एक दुवा आहे. नव्या गाडीचा नमुना तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार देशात ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांत नगरची व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था आहे. गाडी रस्त्यावर येण्याआधी अशा संस्थांकडे तपासली जाते, आणि तिला मंजूर झालेले वजन आरसी बुकावरच्या एका रकान्यात उतरते. दाव्यात हाच रकाना निर्णायक. त्या दिवशी पिकअपमध्ये किती गोण्या कोंबल्या होत्या यावर लायसनचा वर्ग ठरत नाही, नोंदलेल्या वजनावर ठरतो. जादा गोण्यांचा दंड निराळा: २०,००० रुपये आणि वर दर टनाला २,०००.

ट्रॅक्टरचे गणित त्याहून मजेशीर. त्याचे वर्गीकरण रिकाम्या वजनावर होते, त्यामुळे तो हलक्या वाहनांत बसतो. पण हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर त्याच ट्रॅक्टरमागे उसाने खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या डुलत असतात. ट्रॉली जोडली की लायसन बाद होते का? २००१ च्या नागशेट्टी निकालाने उत्तर दिले: ट्रॅक्टरचे लायसन असेल तर मागे मालाची ट्रॉली लावल्याने तो माणूस बिनलायसनचा होत नाही. लायसनच्या कसोटीवर ट्रॅक्टर सुटतो; विम्याचे कागद शेतीपुरते असताना गाडी भाड्याने ऊस ओढत होती का, हा मुद्दा मात्र कंपनीच्या हातात उरतो. आणि उसावर बसून निघालेल्या तोडणी मजुराला तर मालवाहू गाडीतला फुकटचा प्रवासी म्हणून विम्याच्या बाहेर ढकलण्याचाच प्रयत्न होतो.

२४ जानेवारी २०२४ च्या पहाटे कल्याण-नगर रस्त्यावर पारनेर तालुक्यात ढवळपुरी फाट्याजवळ उसाची ट्रॉली उलटली होती. ऊस दुसऱ्या वाहनात भरला जात असताना एसटी बस आणि एक कार तिथे येऊन आदळल्या. सहा जण गेले. अशा अपघातात एका दाव्यात तीन-तीन, चार-चार वाहने सामनेवाले होतात आणि प्रत्येक चालकाचे लायसन वेगळे तपासावे लागते. त्यात एसटीची तऱ्हा आणखी निराळी. सरकारी परिवहन महामंडळांना विम्याच्या सक्तीतून सूट मिळू शकते. एसटी महामंडळ भरपाई स्वतःच्या निधीतून भागवते. वारसांना मात्र वाहनांच्या आपसातल्या भांडणाशी बांधून घ्यायची गरज नाही. दोषी वाहनांपैकी कुठल्याही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते, असे २०१५ च्या खेनयी निकालाने ठरवले आहे. बाकीचा हिशेब त्यांनी त्यांच्यात करावा.

खोट्या लायसनचा किस्सा वेगळा. लायसन पुस्तकाच्या रूपात होते, कार्यालये एकमेकांना जोडलेली नव्हती, तेव्हा परराज्यातल्या एखाद्या दूरच्या कार्यालयाचा शिक्का मारलेले लायसन घेऊन ट्रक चालवणे अवघड नव्हते. गंमत अशी की खोटे लायसन पुढे खऱ्या कार्यालयात खरे पैसे भरून नूतनीकृतही होई. २००१ मध्ये कमला निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की नूतनीकरणाने खोट्याचे खरे होत नाही. दाव्यात हे उघडे पडते ते अगदी नीरस पद्धतीने. परिवहन कार्यालयातला एक कारकून रजिस्टर किंवा संगणकाचा उतारा घेऊन साक्षीला येतो. उताऱ्याला निशाणी क्रमांक पडतो. “या क्रमांकाचे लायसन आमच्या कार्यालयाने दुसऱ्याच व्यक्तीला दिलेले आहे,” एवढे तो सांगतो, उलटतपासणीला दोन प्रश्न होतात, आणि मालकाच्या पायाखालची जमीन सरकते.

तरी सगळे हरलेले नसते. मालकाने कार्यालयात जाऊन प्रत्येक लायसन पडताळावे अशी अपेक्षा न्यायालये धरत नाहीत. २०२३ मध्ये गीता देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितले. लायसन बघितले, ते वरकरणी खरे दिसत होते, गाडी चालवून घेऊन हात तपासला, एवढे मालकाने पिंजऱ्यात उभे राहून सांगितले आणि ते टिकले तर पुष्कळदा तो सुटतो. अडचण एवढीच की त्याला सांगायला यावे लागते. आज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर लायसन क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की वर्ग आणि दोन्ही मुदती मोबाइलवर दिसतात. त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि नेमणुकीच्या दिवसाची तारीख एवढा पुरावाही पुढे कामाला येतो. मालकांच्या संघटनांनी बैठकीत डिझेलच्या भावाआधी हा विषय घ्यायला हवा, असे कुणालाही वाटेल.

अमेरिकेत हा प्रश्न उलट्या टोकाने सुटला. तिथे एकाच ड्रायव्हरकडे तीन-चार राज्यांची लायसने असत. एका राज्यात रद्द झाले की दुसरे खिशातून निघे. १९८६ च्या कायद्याने एक माणूस, एक लायसन हा नियम केला आणि २६,००१ पौंडांपासूनच्या, म्हणजे सुमारे ११.८ टनांच्या गाड्यांसाठी वेगळे व्यावसायिक लायसन आणले. तिथल्या दाव्यांत ड्रायव्हरच्या लायसनपेक्षा कंपनीने त्याला कसे नेमले यावर जोर असतो. प्रत्येक ड्रायव्हरची फाइल ठेवणे कंपनीला बंधनकारक आहे आणि ती फाइल वादीचा वकील पहिल्यांदा मागतो. आपल्याकडच्या स्वर्णसिंग निकालाचा प्रश्नही तोच आहे, मालकाने काळजी घेतली का. फक्त आपल्याकडे फाइल नसते, एक झेरॉक्स असते, तीही बऱ्याचदा केबिनमधल्या कप्प्यात.

नगरजवळ अकोळनेरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून निघणाऱ्या टँकरला अवजड लायसन असूनही भागत नाही. धोकादायक माल वाहणाऱ्याला विशेष प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते आणि त्या लायसनची मुदतही ३ वर्षांचीच. जानेवारी २०२४ मध्ये नव्या फौजदारी कायद्यातल्या अपघातानंतर पळून जाण्याबद्दलच्या १० वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडले, मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतले टँकर थांबले आणि पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा या माणसांची गरज सगळ्यांना एकदम कळली. त्यांचा तुटवडा आहे हे सरकारला आधीच कळले होते; व्यावसायिक लायसनसाठीची आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली ती त्यामुळेच.

उरतो तो मोटारसायकलवरचा शेतकरी. त्याच्याकडेही लायसन नसेल तर? विमा कंपनी हा मुद्दा हमखास काढते: मयताकडे परवाना नव्हता, म्हणजे त्याचीही चूक, म्हणजे भरपाईतून निम्मे कापा. २००८ च्या सुधीर कुमार राणा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब नाकारला. लायसन नसणे हा गुन्हा आहे, त्याचा दंड वेगळा. पण तेवढ्यावरून तो निष्काळजीपणे चालवत होता असे होत नाही. ते ठरते घटनास्थळाच्या पंचनाम्यावरून: ब्रेक दाबल्याच्या खुणा रस्त्याच्या कोणत्या बाजूला होत्या, काचा कुठे सांडल्या होत्या, दुधाची किटली कुठे जाऊन पडली होती.